दोन जेम्स फ्लेट

शनिवार, ९ एप्रिल १८८१

१. रविवारी, ३ तारखेला रात्री, शिरगणतीचे कागद मी भरले. आमच्या घराचा, आणि भिंतीपलीकडच्या घराचा.

२. मध्यरात्र उलटून शब्बाथचा रविवार संपल्यावर 'जेसी' बंदराबाहेर पडली. होडीवर सहा माणसं.

३. मंगळवारी पश्चिमेचं वादळ आलं. गुरुवारपर्यंत चाललं.

४. गावच्या बाकी होड्या कुठे ना कुठे लागल्या. माणसं गाड्यांतून, पायी, घरी आली.

५. 'जेसी' कुठेच लागलेली नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तारकचेरीला मी स्वतः विचारलं. सगळीकडून उत्तर आलं. सगळीकडून एकच.

६. 'जेसी'वर माझा भाऊ होता, जेम्स फ्लेट, वय तेवीस. शेजारच्या इसी मावशीचा मुलगाही होता, जेम्स फ्लेट, वय पंचवीस.

यापुढचं मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

रविवार, १० एप्रिल

चार दिवस आई माझ्याशी बोललेली नव्हती. आज चर्चमधून परतताना, चढावर, बोलली.

"तू मोजलंस."

एवढंच. मग शाल डोक्यावर ओढून पुढे गेली.

आमच्यात माणसं मोजत नाहीत. बाहेर गेलेल्या होड्या मोजायच्या नाहीत, होडीतली माणसं तर मुळीच नाही. मोजलं की घटतं. वर शेतवाडीतल्या पोरांना हे ठाऊक आहे, म्हणून मासळी विकायला गेलेल्या बायकांकडे बोट करून ती "एक कोळीण, दोन कोळिणी, तीन" असं ओरडत पळतात. आईनं एकदा एका पोराच्या अंगावर टोपली फेकली होती. मासळीसकट. टोपली परत मिळाली, मासळी नाही.

त्या रात्री मी कागद घेऊन टेबलाशी बसले तेव्हा ती म्हणालीच होती, "ठेव ते. कागद न्यायला येईल त्या मास्तरला सांग, म्हातारी चावते."

मी तिला समजावलं, की कागदात किती माणसं असं विचारलेलंच नाही. नावं विचारली आहेत.

"आणि नावं लिहून झाल्यावर खाली बेरीज करणार नाहीत का ते मेले?"

बेरीज करणारच होते.

पहिलाच रकाना घराच्या प्रमुखाचा. वडील बुडाले त्याला अकरा वर्षं झाली, म्हणून मी आईचं नाव लिहिलं. एल्स्पेट फ्लेट, विधवा.

"जेम्स असताना मी? अगं, माझं मला झेपत नाही, घराचं कुठे लादतेस?"

जेम्स चुलीशी बसून बूट घालत होता. हसला. "लिही गं मार्जी. उद्या हॅडक मासळीचा भाव पडला की सरकार हिलाच जाब विचारेल."

खिडकी असलेल्या खोल्या किती? दोन, मी लिहिलं. "चिंध्या कोंबलेली खिडकी धरायची का?" जेम्सनं विचारलं. धरली.

मग त्याचं नाव आलं. मी जेम्स फ्लेट लिहिलं तेव्हा आईनं वाकून चुलीचा चिमटा हातात घेतला, आणि माझी शाई वाळेपर्यंत सोडला नाही. थंड लोखंड धरलं की अरिष्ट टळतं म्हणतात. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आणि लॅटिन?" जेम्स म्हणाला.

गावात सगळे फ्लेट. जेम्स फ्लेट सात. म्हणून प्रत्येक घराला हाकेचं एक नाव असतं. आम्ही लॅटिन. पणजोबांनी एकदा प्यायलेल्या अवस्थेत कुणा पाद्र्याची लॅटिन प्रार्थना म्हणून दाखवली होती, तेवढ्यावर. आमच्या घरात मी सोडून कुणाला इंग्रजीही धड वाचता येत नाही. शेजारचे बोझी, का ते कुणालाच आठवत नाही.

मी म्हटलं, "सरकारनं नाव विचारलंय. हाक नाही."

"मग मी कुठला जेम्स ते सरकारला कळणार कसं?"

"सरकारला कळायची गरज नाही."

शेजारचा कागद भरायला गेले तेव्हा इसी मावशीचा नवरा, सँडी म्हातारा, तेच म्हणाला. "बोझी लिही पोरी. नाहीतर शेवटच्या न्यायाच्या दिवशी मला लॅटिनांच्या रांगेत उभं करतील, आणि तुझी आई मला तिथेही धक्के मारेल." त्याचा मुलगा दाराला टेकून उभा होता. तो माझ्या लेखणीकडे बघत होता. मी नियमाप्रमाणे लिहिलं. जेम्स फ्लेट, मुलगा, अविवाहित, पंचवीस, मच्छीमार.

आमच्या कागदावर परत आले. माझी ओळ. मार्जरी फ्लेट, मुलगी, बावीस, तारयंत्र चालवते. लग्नाचा रकाना सर्वांत शेवटी भरला. अविवाहित.

आई खांद्यावरून बघत होती. तिला अक्षर कळत नाही, रकाना कळला. "ते तर अख्ख्या गावाला माहीत आहे. गळाला आमिष लावता न येणारी पोर कोण करून घेणार? त्याला कागद कशाला हवा?"

सोमवार, ११ एप्रिल

कचेरी. सगळ्या तारा मासळीच्या भावाच्या.

भिंतीपलीकडे आवाज नाही. अर्थातच नाही. तरी जेवण झालं की मी त्या भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसते.

इथेही सगळं लिहीत नाही. तारेच्या कामात पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते — कागदावर आलेलं कुणीतरी वाचतं.

मंगळवार, १२ एप्रिल

ड्यूगिड मास्तर कचेरीत आले. या गावची शिरगणती त्यांच्याकडे आहे. घरोघरचे कागद ते आता एका मोठ्या वहीत उतरवतात.

खिडकीशी टोपी काढून उभे राहिले. "मार्जरी, तुमच्या दोन घरांचं काय करू?"

"काय करायचंय?"

"रविवारी मध्यरात्री जी माणसं घरी होती, ती धरायची. असा नियम."

"होती घरी."

"म्हणजे दोघंही राहतील."

"राहतील."

ते तरी हलले नाहीत. म्हणाले, पलीकडच्या गावात हाकेचं नावही लिहून घेतात, नाहीतर पानभर एकच माणूस राहतो असं वाटतं. "तुम्ही भरलेले कागद मात्र अगदी काटेकोर. खाडाखोड नाही. मी बायकोला दाखवले."

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं.

बुधवार, १३ एप्रिल

काही नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

दुपारी ॲबर्डीनच्या तारकचेरीनं हाक दिली. यंत्राच्या फितीवरून तार मीच उतरवली. इथे जशीच्या तशी लिहिते.

"फ्लेट कुटुंबास. नॉर्वेच्या जहाजाने उलटलेल्या होडीवरून एक मच्छीमार उचलला. बाकी कोणी नव्हतं. जेम्स फ्लेट आणि तुमच्या गावाचं नाव, इतकंच बोलला. नंतर शुद्ध नाही. जगण्याची आशा आहे. डॉक्टर लुंडे, एगरसुंद."

उतरवताना हात थांबला नाही. मिळाल्याची खूण पाठवली. मग खुर्ची मागे घेऊन पुन्हा वाचली.

बाकी कोणी नव्हतं. म्हणजे पाच जण गेले.

पोस्टमास्तर गेडिस पलीकडे दुकानाच्या बाजूला पीठ जोखत होता. तार त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाचली, ॲप्रनला चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"कुठल्या दारी देणार?"

"दोन्ही."

"एक तार, एक दार. हा नियम मला तूच दाखवलास."

"मग दार तुम्ही सांगा."

त्यानं काट्यावरचं पीठ परत पोत्यात ओतलं. "दोन प्रती कर," म्हणाला. "बाकीच्या चार घरी मी जातो. ते काम तुझं नाही."

दोन प्रती केल्या, पण कुठल्या दारी आधी जायचं ते मला ठरवता आलं नाही. दोन्ही दारांमध्ये तीन पावलांची जागा आहे, तिथे पिंप असतं. पिंपाशी उभी राहिले आणि दोघींना हाक मारली. आई हात पुसत आली, इसी मावशी तशीच, ओल्या हातांनी. मी मोठ्याने वाचलं.

इसी मावशी म्हणाली, "कुठला?"

आई म्हणाली, "माझा."

"तुझा कसा?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तारेतलं काहीतरी मी हातचं राखून ठेवलंय, असं.

सँडी म्हातारा दारात आला होता. "पुन्हा वाच पोरी. सावकाश." पुन्हा वाचली. पुन्हा तेच निघालं.

शुक्रवार, १५ एप्रिल

इसी मावशीनं आज स्वतःची चूल पेटवली नाही. सकाळपासून आमच्याकडे बसून आहे. राखेच्या ढिगावरून या दोघी वीस वर्षं भांडत आल्या. आज इतकं गोड बोलताहेत की ऐकवत नाही.

"एल्स्पेट, तुझा असू दे गं. तुझं दुसरं कोण आहे?"

"नको गं. तुझाच असू दे. तुझा म्हातारा थकलाय."

"खा ना, ओटची भाकरी खा. सकाळपासून काही घेतलं नाहीस."

"तू आधी."

दोघी खोटं बोलतात. दोघींना ते ठाऊक आहे. भाकरी तशीच पडली, शेवटी सँडी म्हाताऱ्यानं खाल्ली.

मावशी मध्येच म्हणाली, "माझा जानेवारीत ॲबर्डीनला मासळी घालून आला ना, तेव्हापासून शीळ घालायचा. दिवसभर. मी म्हणायची, मेल्या, शीळ घालून वारा बोलावतोस." मग तोंडावर शालीचं टोक धरून बसली. मी उठून कोळसा आणायला गेले. डबा भरलेला होता.

संध्याकाळी आईनं मला पुढ्यात बसवलं. "तार कर. विचार — लॅटिन का बोझी."

"त्यांना कळणार नाही, आई."

"का नाही? डॉक्टर आहे ना तो? शिकलेला ना?"

"हाकेची नावं नॉर्वेत कुणाला ठाऊक?"

"तूच म्हणतेस ना, तारेत कमीत कमी शब्द असावेत? तीनच आहेत. कर."

मी समजावत बसायला हवं होतं. पण हाकेचं नाव सरकारी नाही, हे शिरगणतीच्या रात्री एकदा सांगून झालं होतं. जाऊन तार केली.

शनिवार, १६ एप्रिल

उत्तर: "रुग्णाशी लॅटिनमध्ये बोलून पाहिलं. प्रतिसाद नाही. दुसरा शब्द समजला नाही. प्रश्न स्पष्ट करावा."

सँडी म्हाताऱ्याला हसू आलं. "तुझा पणजोबा, मार्जी! तिथेही पोचला!" इतका हसला की भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग हसणं थांबलं, खांदे हलायचे थांबले नाहीत. मी त्याला घरात नेऊन बसवलं.

सात जेम्स फ्लेटांत गावातलं शेंबडं पोरही चुकत नाही. लॅटिनांचा जेम्स म्हटलं की एकच माणूस. काटेकोर नाव ते होतं. मी जे लिहिलं ते सातांपैकी कुणालाही बसतं.

रविवार, १७ एप्रिल

चर्च. गेलेल्यांसाठी प्रार्थना झाली, नावं न घेता. नंतर पाद्रीसाहेबांनी दोन्ही घरांना आत बोलावलं.

"पुढच्या रविवारी मला नावं वाचायलाच हवीत. बाकीच्या चार घरांनाही शोक धरायचा आहे, त्यांना किती ताटकळत ठेवू? जेम्स फ्लेट हे नाव मी एकदा वाचेन. कोणता, ते देवाला ठाऊक आहे."

"देवाला असेल," इसी मावशी म्हणाली. "मला नाही ना. काळे कपडे मी घालायचे का एल्स्पेटनं?"

पाद्रीसाहेबांनी पुस्तक मिटलं. बाहेर 'जेसी'च्या तांडेलाची बायको उभी होती, तिन्ही मुलींना घेऊन. मी जवळून जाताना म्हणाली, "काय गं तारवाली, मोजणी बरोबर लागली का तुझी?"

मी मान खाली घातली नाही. तिला वाटलं असेल, गर्व आहे.

पुढच्या रविवारी कुणाचं नाव घ्यायचं ते त्याआधी कळायला हवं. नाही कळलं तर एका घरात जिवंत माणसाचं सुतक, आणि दुसऱ्या घरात मेलेल्याची वाट.

सोमवार, १८ एप्रिल

आज प्रश्न मी तयार केला.

दोघं दिसायला सारखेच. भुरे केस, उंची तीच, नाक तेच. गावात तीन पिढ्या एकमेकांतच लग्नं झाली आहेत, दुसरं काय होणार? पण लहानपणी आमच्या जेम्सच्या डाव्या खांद्यावर उकळतं डांबर सांडलं होतं. आई म्हणाली, डाग अजून तळहाताएवढा आहे. इसी मावशी म्हणाली, "माझ्याच्या अंगावर ओरखडा नाही. बशीसारखा गुळगुळीत."

तार: "डाव्या खांद्यावर जुन्या भाजल्याचा डाग आहे काय? रुग्ण आणखी काय करतो, बोलतो, ते सर्व कळवावं."

गेडिसनं शब्द मोजले. मग वेळ घालवायला बोलत बसला. बॅन्फच्या कचेरीत जीन रेनीच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही. "लग्न केलं मूर्ख पोरीनं. हाताशी यंत्र होतं, वर्षाला पगार वाढत होता. दुपारी लग्न, संध्याकाळी खात्याबाहेर. तू तशी नाहीस. जानेवारीत ॲबर्डीनला जाऊन परीक्षा देऊन आलीस, सगळ्यांत वर. मी वरच्या कचेरीला तसं लिहिलंय."

लग्न झालेली बाई खात्यात चालत नाही. नियम मला पाठ आहे. आणि आता आमच्या घरात माझा पगार सोडून दुसरं काही येत नाही.

मंगळवार, १९ एप्रिल

उत्तर आलं. लांब. डॉक्टर काटेकोर माणूस आहे, मी विचारलं तेवढं सगळं त्यानं दिलं.

"खांद्यांची कातडी दोर आणि मिठाने सोलली आहे. डाग असल्यास दिसत नाही. दोन्ही हात बांधलेले. बोलत नाही. डोळे उघडतो, पाहत नाही. रात्री उजवी टाच पलंगाच्या फळीवर वाजवतो. दोनदा आपटतो, एकदा घासतो, थांबतो, पुन्हा तेच. तासन्‌तास. इतर रुग्ण तक्रार करतात. आज रात्रीपासून अफूचा अर्क वाढवतो."

फीत हातातून सरकत होती आणि मी शब्द उतरवत होते. 'आपटतो'नंतर 'घासतो' आलं तेव्हा मी कळेवर बोट ठेवून ॲबर्डीनला थांबवलं आणि तो शब्द पुन्हा मागितला. तीन वर्षांत मी शब्द पुन्हा मागितलेला नाही. तारेपलीकडच्या मुलीनं विचारलं, बरी आहेस ना? घासतो, तिनं पुन्हा पाठवलं. घासतो.

तापातला माणूस हातपाय आपटतो. आपटून मग घासत नाही, मग थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नाही.

ठोका म्हणजे तारेच्या लिपीतली आखूड खूण. नखानं घासणं म्हणजे लांब. मातीच्या भिंतीतून लांब आणि आखूड वेगळं कळावं म्हणून मी ही रीत काढली होती. दोन आखूड, एक लांब. याचा अर्थ, आहेस का? उत्तर त्याच्या उलट, एक लांब, दोन आखूड. आहे.

मी दोन्ही जेम्सना शिकवायला घेतलं होतं. माझ्या भावानं एक संध्याकाळ दिली. "मला मासा कळतो, मार्जी. ही टकटक तू सुतार पक्ष्याला शिकव." तो पुन्हा बसला नाही. भिंतीपलीकडच्यानं पुरतं शिकून घेतलं.

म्हणजे माझा भाऊ

वाक्य पुरं करत नाही. पुरावा एकाच बाजूचा आहे. आमचा जेम्स रोज त्या भिंतीच्या अलीकडे झोपायचा. अडीच वर्षं ऐकत होता. ऐकून ऐकून कानात राहू शकतं. शक्य आहे. किती शक्य, ते लिहिता येत नाही.

दोन्ही उत्तरांत मी कुठेतरी मरते, हेही मला आज पहिल्यांदा कळलं.

घरी आले. दोघी दारात. डागाबद्दल सांगितलं. आईनं माझा दंड धरला. तिची बोटं गळ लावून लावून काट्यासारखी झाली आहेत, ती रुतली.

"दुसरं काही आहे त्यात. तुझ्या तोंडावर आहे."

"टाच वाजवतो म्हणतात."

"टाच?" इसी मावशी म्हणाली. "का?"

"ताप आहे, मावशी."

ती परत आत गेली. आईनं दंड सोडला नाही. "जेम्स लहानपणी झोपेत लाथा मारायचा," ती म्हणाली. "माझ्या कुशीत. बरगड्या दुखायच्या." आणि गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

बुधवार, २० एप्रिल

जेवणानंतर बाकावर बसले होते. भिंतीवर दोनदा ठोकलं, एकदा घासलं. पलीकडे सँडी म्हातारा खोकला. आईनं मान वर केली.

मास्तरांकडे जाऊन आले. शिरगणतीच्या वहीत दोन्ही नावांपुढे लॅटिन आणि बोझी घालायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "नियमाचं काय?" मी म्हटलं, नियम अपुरा आहे. तिसरी एक दुरुस्तीही होती, माझ्या ओळीत. ती उद्या सांगेन म्हटलं.

गुरुवार, २१ एप्रिल

सकाळी कचेरी उघडताच तार केली. गेडिसनं शब्द मोजत आणले आणि सही आली तिथे पेन्सिल थांबली. "हे जायचंय?" मी म्हटलं, जायचंय. "हे मला वरच्या कचेरीला कळवावं लागेल, मार्जरी." माहीत आहे, म्हटलं. कळ मीच दाबली. प्रत:

"डॉक्टर लुंडे, एगरसुंद. अफूचा अर्क कृपया थांबवा. त्याच्या कानाशी फळीवर दोनदा ठोका, मग एकदा नखाने घासा. तो उलट काय वाजवतो ते क्रमाने लिहून घ्या. आधी घासून मग दोनदा ठोकलं, तर तो बोझी घरचा. काहीच वाजवलं नाही, तर तसंही कळवा. रविवारी इथे मृतांची नावं वाचतील. उत्तर शनिवार, २३ तारखेपर्यंत द्यावं.

मार्जरी फ्लेट. एका जेम्स फ्लेटची बहीण, दुसऱ्याची पत्नी."